कान सांभाळ, कॅप्टन!

लाखाच्या वरचा हेडसेट डोक्यावर चढवला की काम संपत नाही, तिथून सुरू होतं. एका होतकरू पायलटच्या कानांची ही गोष्ट.

रात्री साडेदहाची ट्रॅव्हल्स. पुण्याहून खानदेशात जाणारी. वरच्या बर्थवरचे काका मोबाइलवर फुल व्हॉल्यूमला व्हिडिओ बघतायत, पुढे एक बाळ रडतंय आणि इंजिनाची घरघर तर अखंड. मी बॅगेतून माझे लाडके हेडफोन काढले, बटण दाबलं आणि... सुंऽऽ. जग म्यूट! तुमच्याकडेही असतीलच म्हणा. ऑफिसात शेजारच्या क्युबिकलमधला माणूस क्लायंटशी ओरडून बोलायला लागला की आपण सगळेच हा मंत्र मारतो.

गंमत म्हणजे मी निघाले होते ती असाच एक हेडफोन बघायला. फक्त तो लाखाच्या वरचा होता आणि बिघडलेला होता. निदान मावशीच्या म्हणण्याप्रमाणे.

"अगं, तुझ्या काकांनी एफडी मोडून घेऊन दिला, आणि आता हा म्हणतो त्यातून नीट ऐकूच येत नाही! तू बघ ना जरा जाऊन. तुला कळतं त्यातलं."

मला त्यातलं काही कळत नाही. मी एकदा मोबाइल फोन्सवर लेख लिहिला होता, तेव्हापासून आमच्या घराण्याची मी ऑफिशियल टेक्निकल एक्सपर्ट आहे, एवढंच.

माझा हा मावसभाऊ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. हिंजवडीत चार वर्षं इमानेइतबारे कोडिंग केलं आणि एक दिवस राजीनामा टाकून पायलट व्हायला निघाला. कमर्शियल लायसन्ससाठी आपल्याकडे २०० तासांचं उड्डाण लागतं, शिवाय परीक्षा, मेडिकल. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा आकडा इथे लिहीत नाही, मावशी वाचेल. पुण्याच्या वेशीवर एखादा वन बीएचके आला असता एवढं समजा. त्यात हेडसेट स्वतःचा स्वतः घ्यायचा. क्लबचे असतात, पण दहा जणांच्या घामानं भिजलेले, गाद्या फाटलेले. म्हणून हा नवा. अ‍ॅक्टिव्ह नॉइज रिडक्शनवाला. पायलट लोकांच्या भाषेत एएनआर.

"रीडेबिलिटी टू"

सकाळी सातला पोचले तर ऊन चटका देत होतं. एप्रिल, त्यात खानदेश! पठ्ठ्या धावपट्टीच्या कुंपणाशी तोंड पाडून उभा.

"ताई, टॉवरवाले म्हणाले, रीडेबिलिटी टू."

रेडिओवर तुमचं बोलणं किती स्पष्ट येतंय, हे एक ते पाच आकड्यांत सांगतात. पाच म्हणजे झक्कास. दोन म्हणजे अधूनमधून एखादा शब्द कळतोय. पण हे एवढ्यावर थांबलं नव्हतं. नव्या हेडसेटचा पहिला दिवस, हा सोलो उडतोय, उतरायला धावपट्टीच्या रेषेत आलाय आणि पुढचं विमान अजून धावपट्टीवरच रेंगाळलंय. टॉवरनं 'गो अराउंड' सांगितलं. म्हणजे उतरू नकोस, वर जा, पुन्हा फेरी मार. याच्या उजव्या कानात चिडीचूप, डाव्या कानात घरघर आणि त्या घरघरीत कुठेतरी "...राउंड".

"मग?"

"मग काय, समोर विमान दिसत होतं, थ्रॉटल दिला आणि वर गेलो. काही झालं नाही."

'काही झालं नाही' हे त्यानं ज्या आवाजात सांगितलं, त्यावरून काय काय होऊ शकलं असतं हे मला कळलं. मावशीला यातलं 'ऐकू येत नाही' एवढंच माहीत होतं. तेवढंच राहू दे.

तर हेडसेट खराब आहे, परत पाठवायचा, वॉरंटीचं काय, हे सगळं घेऊन आम्ही सरांकडे गेलो. सर सत्तरीला टेकलेले. आयुष्यभर पोरांना उडायला शिकवलं, आता फक्त वर्ग घेतात. व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते. मी त्यांच्या डाव्या बाजूच्या खुर्चीत बसून गोड आवाजात माझी ओळख करून दिली. उत्तर नाही. खडूस दिसतात, मी मनात म्हटलं. मावसभावानं मला कोपरानं ढोसलं.

"ताई, उजवीकडून बोल."

नाटकाची तालीम

सरांनी हेडसेट हातातही घेतला नाही. "घाल," म्हणाले. "विमानात घालतोस तसाच. चष्मा, टोपी, सगळं."

त्यानं घातला. गॉगल फॅशनेबल, काड्या बोटभर जाड. वर बेसबॉल कॅप. माइक हनुवटीच्या खाली लोंबतोय. सरांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "एका कानात आवाज नव्हता ना?" मी बघतच राहिले.

पुढची दहा मिनिटं म्हणजे माझ्यासाठी मास्टरक्लास होता. स्क्रू ड्रायव्हरसुद्धा लागला नाही.

आधी चष्मा. कानाभोवतीची ती मऊ गादी कातडीला सगळीकडून चिकटून बसली पाहिजे, कारण सगळी जादू त्या बंद खोलीतच चालते. चष्म्याच्या जाड काडीनं गादी उचलली गेली की फट पडते, आणि फटीतून नेमकी इंजिनाची जाडीभरडी घरघर आत शिरते. म्हणून पायलट बारीक, चपट्या काडीचे चष्मे वापरतात. काही एव्हिएटर गॉगलांच्या काड्या कानामागे वळतही नाहीत, सरळ मागे जातात. हेडसेट न काढता आत-बाहेर सरकवता याव्यात म्हणून! मी इतकी वर्षं ती स्टाइल समजत होते. टोपीचंही तेच, कड गादीखाली आली की फट. मुलींनो, आपले केस आणि झुमकेही या यादीत आहेत. सरांनी माझ्या झुमक्यांकडे अशा काही नजरेनं पाहिलं की मी ते काढून पर्समध्ये टाकले.

मग पट्टी. दोन्ही बाजूंनी पूर्ण खाली ओढायची, कान अख्खाच्या अख्खा कपात बसवायचा आणि मग पट्टी डोक्याला हलकी टेकेपर्यंत वर घ्यायची. आपण उलटं करतो, आधी पट्टी डोक्यावर आणि मग कप कसेबसे कानावर. दोन्ही बाजू सारख्या हव्यात. डोकं जोरजोरात हलवून बघायचं, सरकला तर पुन्हा.

माइकवर सर सर्वांत जास्त वेळ थांबले. हा माइक आपल्या मोबाइलसारखा नसतो. तो पुढून आणि मागून, दोन्हीकडून ऐकतो. कॉकपिटमधला गोंगाट दोन्ही बाजूंनी सारखाच येतो, म्हणून तो आपोआप वजा होतो. जे एका बाजूनं अगदी जवळून येतं तेवढंच उरतं. म्हणजे तुमचा आवाज. पण 'अगदी जवळून' ही अट आहे! माइक हनुवटीवर गेला की तुमचा आवाजही त्या गोंगाटातलाच एक होऊन जातो, आणि टॉवरला नुसता पंखा ऐकू येतो. ओठांच्या कोपऱ्याशी, एका बोटाच्या अंतरावर. ओठाला लागेल न लागेल असा. शिवाय माइकला एक तोंड असतं, त्यावर ठिपका किंवा खूण असते, ती बाजू ओठांकडे. दांडी फिरवताना माइक उलटा झाला की रीडेबिलिटी टू. आमच्या हिरोचा उलटा होता.

आणि तो मुका कान? कंट्रोल बॉक्सवर एक पिटुकला स्विच असतो, स्टिरिओ आणि मोनो. हेडसेट स्टिरिओ असतो. पण क्लबच्या जुन्या विमानांतल्या इंटरकॉम बहुतेक मोनो. मोनो विमानात स्टिरिओवर ठेवलेला हेडसेट लावला की एकच कान वाजतो. स्विच सरकवला, प्रश्न मिटला. मावशीची एफडी वाचली.

प्लगसुद्धा दोन असतात, हे मला तिथेच कळलं. जाड तो ऐकण्याचा, किंचित बारीक तो माइकचा. दोन्ही 'टक' होईपर्यंत दाबायचे. अर्धवट घुसलेला प्लग खरखर करतो आणि दोष हेडसेटला मिळतो. मग दोन्ही कानांचे व्हॉल्यूम आधी हेडसेटवर भरपूर मोठे करून ठेवायचे आणि रोजचं कमी-जास्त विमानाच्या इंटरकॉमवरून करायचं. इंटरकॉमवर स्क्वेल्च नावाची कळ असते. कोणी बोलत नसताना येणारी सुसू बंद होईल इतपतच ती फिरवायची. जास्त फिरवली की तुमच्या वाक्याचा पहिला शब्द खाल्ला जातो. शेवटी कंट्रोल बॉक्सची चिमटी शर्टाला किंवा पट्ट्याला. लोंबता बॉक्स कानाला खाली ओढत राहतो.

हे सगळं जमिनीवर, इंजिन सुरू व्हायच्या आधी. "नाटकाची तालीम स्टेजवर करतात का?" सर म्हणाले.

(ब्लूटूथ ही वेगळी करमणूक. नव्या हेडसेटना मोबाइल जोडता येतो. पठ्ठ्यानं जोडलेला होता. विमान हवेत आणि कानात आईचा फोन: "जेवलास का?" सोलो उडताना फोन बंदच, असा आता घरात वटहुकूम निघालाय.)

गणपतीतला डीजे आणि बोस

आता जरा फंडा. घाबरू नका, सोपा आहे.

गणपतीत रस्त्यावर डीजे वाजतोय आणि तुम्ही खिडकी लावून घेतलीत. काय होतं? गाण्याचे शब्द कमी होतात, पण छातीतली धुमधुम जात नाही. जाड आवाज भिंतीतूनही येतो. कानावरच्या साध्या कपाचंही तसंच. कर्कश आवाज तो अडवतो, धुमधुम अडवत नाही. आणि छोट्या विमानात मुख्य असते ती धुमधुमच. दोन पात्यांचा पंखा मिनिटाला २४०० फेरे घेतो असं धरा. सेकंदाला ४० फेरे, दर फेऱ्याला दोन पाती, म्हणजे सेकंदाला ८० धपके. चार सिलिंडरच्या इंजिनाचे स्फोटही तेवढेच. एएनआर नेमकं इथे कामाला येतं. कपाच्या आत एक छोटा माइक असतो. तो आत शिरलेली घरघर ऐकतो आणि स्पीकर तिच्या बरोब्बर उलटी लाट सोडतो. खड्ड्यावर उंचवटा बसला की जमीन सपाट. कर्कश ते कप अडवतो, जाडभरडं ते इलेक्ट्रॉनिक्स. म्हणूनच गादीत फट पडली की दोघांचंही काम बिघडतं.

ही कल्पना कागदावर १९३० च्या दशकापासून होती, पेटंटही झालेलं. पण विमानवाल्यांच्या डोक्यावर ती बसवली एका अर्ध्या बंगाली माणसानं. अमर बोस. वडील कोलकात्याचे, इंग्रजांविरुद्धच्या चळवळीतून अमेरिकेत गेलेले. १९७८ मध्ये झुरिकहून बॉस्टनला जाताना विमानात मिळालेल्या हेडफोनवर बोसना गाणं धड ऐकू येईना. दुसरा कोणी असता तर वैतागून झोपला असता. यांनी विमानातच गणितं मांडली. १९८६ च्या डिसेंबरमध्ये डिक रुटान आणि जीना येगर 'व्हॉयेजर' विमानातून न थांबता, वाटेत इंधन न भरता जगाला फेरी मारून आले. नऊ दिवस! त्यांच्या कानांवर बोसचे प्रायोगिक हेडसेट होते. १९८९ मध्ये ते बाजारात आले. आपण ट्रॅव्हल्समध्ये घालतो ते हेडफोन याच घराण्यातले धाकटे.

आधी आणि नंतर

त्या दिवशी माझं नशीब जोरात होतं. एका विमानाचं इंजिन नुसतं जमिनीवर चालवून तपासायचं होतं. इंजिनियरना खूप मस्का मारल्यावर मागच्या सीटवर बसायला मिळालं. उडायचं नाही, हात लावायचा नाही, या अटीवर.

इंजिन चालू झालं आणि मी कप एकदा क्षणभर कानावरून उचलला. बाप रे! तो आवाज कानात नाही, दातांत येतो. कप खाली घेतला, पण बटण बंद ठेवलं. टोक गेलं, पण घरघर पोटात चालूच. मग बटण. हिरवा दिवा लागला आणि एखादा जड कपाट सरकवून बाजूला करतो तशी ती घरघर बाजूला झाली. गेली नाही हं! सायलेन्स वगैरे काही होत नाही, जाहिरातींवर जाऊ नका. पंखा होता, पण लांब होता. आणि त्याच्या पुढे, शेजारी बसून बोलावं तसा, इंजिनियरचा आवाज: "मॅडम, ऐकू येतंय?"

मुद्दा शांततेचा नाहीच, या आवाजाचा आहे. घरघर चालू असेल तर माणूस काय करतो? रेडिओचा व्हॉल्यूम वाढवतो. गोंगाट आहेच, त्यावर आणखी मोठा आवाज आपण स्वतःच्या हातानं कानात ओततो. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेचा हिशोब असा: ८५ डेसिबल असेल तर दिवसाला आठ तास चालेल. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. छोट्या विमानाच्या कॉकपिटमध्ये नव्वदीचे आकडे नवलाचे नाहीत. कानाच्या आतल्या ज्या बारीक केसपेशी यात मरतात, त्या पुन्हा उगवत नाहीत. कळतही नाही. आधी चार हजार हर्ट्झच्या आसपासचं ऐकू येणं जातं, म्हणजे 'स', 'श', 'फ' असली अक्षरं. लोक पुटपुटतात असं वाटायला लागतं.

आणि पायलटच्या मेडिकलमध्ये कानाची तपासणी असते. कर्जाचे हप्ते पंधरा वर्षांचे आणि कान पाच वर्षांत गेले तर?

"आमच्या वेळी हातात धरायचा माइक आणि डोक्यावर छतात स्पीकर," सर सांगत होते. "हेडसेट आले तेव्हाही इंटरकॉम सगळ्या विमानांत नव्हती. शिकवणारा उजव्या सीटवर, पोरगा डाव्या. त्याचं बोलणं ऐकायला डावा कप मागे सारून ठेवायचो. रोज. वर्षानुवर्षं."

मी उजव्या बाजूच्या खुर्चीत बसून हे लिहून घेत होते.

एक सावधगिरी मात्र त्यांनी दोनदा सांगितली. नवा एएनआर आला की विमानाची ओळख नव्यानं करून घ्यायची. सेसनाचा वेग धोक्याइतका कमी झाला की पंखात एक पिपाणी वाजते. ती, आणि इंजिनाच्या सुरातला बदल, आपल्या नव्या कपातून ऐकू येतो का हे इन्स्ट्रक्टर शेजारी असताना तपासायचं. अमेरिकेच्या एफएएनं २००७ मध्ये याच विषयावर पायलटांसाठी सूचना काढली होती. यानं मात्र पहिल्याच दिवशी नवा हेडसेट घालून थेट सोलो! त्याबद्दल काय बोलणी बसली ती मी छापत नाही.

लाड आणि निगा

संध्याकाळी खोलीवर त्याचं सामान बघितलं आणि माझ्यातली ताई जागी झाली. हेडसेट गादीवर पालथा, केबल कपांभोवती करकचून गुंडाळलेली, सेल आतच.

सेलपासून सुरू करू. बहुतेक एएनआर हेडसेट दोन पेन्सिल सेलवर चाळीसेक तास चालतात. आठवडाभर उडायचं नसेल तर काढून ठेवायचे, नाहीतर उन्हाळ्यात ते गळतात आणि आतले पत्रे खातात. बॅगेत नवी जोडी कायम. उडताना संपलेच तर घाबरायचं नाही, रेडिओ चालू राहतो, फक्त घरघर परत येते. पण दिवा लाल झालाय हे बघायची सवय हवी.

केबल सैल वेटोळ्यात. प्लग काढताना प्लगला धरून ओढायचं, वायरला नाही. (मोबाइलच्या चार्जरचा गळा ज्यांनी ज्यांनी आवळलाय त्यांनी मान खाली घालावी.)

गाद्या तर साबण-पाण्यात घट्ट पिळलेल्या मऊ फडक्यानं पुसायच्या आणि सावलीत वाळवायच्या. सॅनिटायझर, परफ्यूम, डिओ यांनी वरचं आवरण तडकतं. चपट्या झाल्या, भेगा पडल्या की बदलायच्या. साधारण वर्षानं, आणि आपल्या घामात त्याच्याही आधी. हजारांत किंमत आहे म्हणून लोक चालढकल करतात आणि मग लाखाची वस्तू निकामी झाली म्हणून रडतात. माइकवरची स्पंजची टोपी थुंकीनं, धुळीनं भरते, तीही बदलायची. ती नसेल तर वारा थेट माइकमध्ये. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या. बुटांच्या खोक्यातल्या चालतात, मी आता त्या फेकत नाही.

आणि विमानात उतरल्यावर हेडसेट समोर काचेखाली ठेवायचा नाही. एक तर तिथे उन्हात पापड भाजेल. दुसरं मला फार आवडलं: स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं, आणि जवळच विमानाचं होकायंत्र. हेडसेट शेजारी आला की काटा हलतो! उत्तरेला निघालेला माणूस भलतीकडेच जायचा.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याचं उड्डाण होतं, इन्स्ट्रक्टर शेजारी. मी टॉवरच्या पायऱ्यांवर चहा घेऊन बसले. बारीक काडीचा जुना चष्मा त्यानं पेटीच्या तळातून शोधून काढला होता. वरच्या खिडकीतून त्याचा आवाज खाली आला. व्हिक्टर टँगो आणि पुढे काहीतरी. प्रत्येक अक्षर सुटं. टॉवर म्हणाला, "रीडिंग यू फाइव्ह."

मावशीला तिथूनच मेसेज टाकला: हेडसेट ठीक, मुलगाही ठीक.

परतीची बस दुपारची होती. सर नेहमीसारखे व्हरांड्यात पेपर घेऊन. मी घाईत, बॅग खांद्यावर, डावीकडूनच म्हटलं, "येते हं सर. थँक्यू." पान उलटलं गेलं. मी खुर्चीला वळसा घालून उजवीकडे गेले आणि पुन्हा म्हटलं.

"अरेच्चा, निघालात? बसा, चहा घेऊन जा."